टायर जाड, पण तोल?



आपल्या गेटवरच्या काही शेअर रिक्षांना मागे जाड टायर बसलेत, हे मेकॅनिकलच्याच काय, आयटीच्या पोरांच्याही लक्षात आलं असेल. काकांना विचारलं की उत्तर ठरलेलं : "गाडी दबून चालते, उलटत नाही. बसा बिनधास्त." आणि आपण बसतो. तिघं मागे, दोघं काकांच्या दोन बाजूंना, अर्धं शरीर बाहेर.

माझं म्हणणं सरळ आहे. जाड टायरने रिक्षा उलटायची थांबत नाही. झालाच तर तोल थोडा बिघडतो. आणि टायरपेक्षा मोठा घोळ पुढे बसणारे आपण करतो.

आधी थोडं गणित. घाबरू नका, फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स पुरे आहे. तीन चाकं जमिनीला टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो. त्याचं टोक पुढे, पाया मागे. चारचाकीचा चौकोन असतो, म्हणून तिला पुढेही रुंदी मिळते. रिक्षाची रुंदी पुढे येता येता शून्य होते. म्हणजे गुरुत्वमध्य जितका मागे आणि जितका खाली, तितकी रिक्षा वळणावर सुरक्षित.

सोयीसाठी आकडे धरू. पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंत २ मीटर, मागच्या दोन चाकांमधलं अंतर ११५ सेंमी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंमी वर आणि पुढून दोन तृतीयांश अंतरावर. त्या जागी त्रिकोणाची अर्धी रुंदी भरते साधारण ३८ सेंमी. आपला सगळा भरवसा या ३८ सेंमीवर.

आता टायर. रिक्षाचा नेहमीचा टायर ४.००-८ : रुंदी ४ इंच, रिम ८ इंची. समजा मागे रिमसकट ४.५०-१० बसवला. टायर दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच वाढला. चाकाचा मध्य होता तिथेच राहिला, म्हणून बाहेरची कड धरली तरी आपल्या ३८ सेंमीत भर पडली जेमतेम ४ मिलिमीटरची. पण टायरची उंची रुंदीएवढी धरली, तर चाकाचा व्यास १६ इंचांवरून १९ वर गेला. मागचा आस दीड इंच वर आला आणि गुरुत्वमध्य सुमारे अडीच सेंमी. फायदा एक टक्का, तोटा चार टक्के! शिवाय चाक मोठं झाल्याने चढावर ओढ सुमारे १६ टक्क्यांनी कमी. त्यात स्पेसर टाकून चाक बाहेर काढलं, तर बेअरिंगवर जास्तीचा भार येतो तो वेगळाच.

"पण ग्रिप वाढते ना?" हा प्रश्न व्हायवाला हमखास येईल. समजा वाढली. पण वळणावर रिक्षापुढे दोनच वाटा असतात, घसरायचं नाहीतर उलटायचं. पकड कमी असेल तर आधी घसरते, जास्त असेल तर आधी उलटते. उंच आणि अरुंद गाडीला नुसती पकड देणं म्हणजे घसरायची वाट बंद करणं.

हे नुसतं कागदावरचं नाही. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीन चाकांची, फुग्यासारख्या रुंद टायरांची गाडी आणली. वाळूत, चिखलात ती मस्त चालायची, कारण रुंद टायरचं खरं काम तेच : मऊ जमिनीत न रुतणं. पण या गाड्या उलटायच्या राहिल्या नाहीत. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या करारानंतर कंपन्यांनी तिथे नव्या तीनचाकी विकणं बंद केलं. टायर रुंदच होते की!

आता आपल्याकडे वळू. वरच्याच गणितात ६०-६० किलोची दोन पोरं पुढे बसवा. गुरुत्वमध्य दहाएक सेंमी पुढे सरकतो आणि ३८ सेंमीचे ३५ होतात. म्हणजे सरळ आठ टक्के गेले. पोरं सीटवर उंच बसतात, त्यामुळे गुरुत्वमध्य वरही चढतो. जाड टायरने जेवढं बिघडलं, त्याच्या दुपटीहून जास्त आपण नुसते बसून बिघडवलं.

यात काकांना व्हिलन करायचं नाही. त्यांना हप्ता भरायचाय, गॅस भरायचाय, खड्ड्यांतून गाडी काढायचीय. तीनच सीट नेल्या तर फेरी परवडत नाही, हे खरं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मापाबाहेरचे बदल करता येत नाहीत, पण कलम सांगून कुणाचं घर चालत नाही.

म्हणून हिशेब आपणच करू. समजा माणशी २० रुपयांप्रमाणे पाच सीटचे १०० होतात. तिघांनीच जायचं तर माणशी ३३ पडतात. प्रश्न १३ रुपयांचा आहे. कटिंग आणि वडापावला आपण याहून जास्त घालवतो, तेही सबमिशनच्या रात्री दोनदा.

माझी सूचना अशी : हॉस्टेल कमिटीने रेक्टर सरांना सोबत घेऊन गेटवरच्या काकांशी एकदा बसून बोलावं. तीन सीट, ठरलेलं भाडं, पुढे कुणीही नाही. बदल्यात आपण घासाघीस करायची नाही. वाढीव भाडं ज्याला खरंच जड जाईल, त्याची सोय कमिटीने गाजावाजा न करता बघावी. कॉलेजने सुटीच्या दिवशी स्टेशनपर्यंत बसच्या दोन फेऱ्या वाढवल्या तर सोन्याहून पिवळं.

आणि तोपर्यंत काका म्हणाले, "या, पुढे जागा आहे", तर हसून म्हणायचं, "काका, पुढची येऊ दे."