दुधाच्या वाटेवरचं कळसूबाई

मी मुळात भांडखोर माणूस नाही. रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हटलं, की मी 'राहू द्या' म्हणतो. ही म्हणते, मी घरातही एवढंच बोलतो. पण आमच्या गल्लीत नवा फूटपाथ झाला आणि माझ्यासारखा गरीब प्राणीसुद्धा हातात टेप घेऊन रस्त्यावर उतरला.

उतरला म्हणजे कुंपणाला धरून, बेताबेताने. टेप लावली. कडेच्या दगडाची उंची भरली सव्वा फूट!

आमच्या घरापासून दुधाच्या केंद्रापर्यंत अकरा बंगले. प्रत्येक बंगल्याला फाटक, फाटकाआड मोटार आणि त्या मोटारीसाठी फूटपाथ तोडून थेट रस्त्याला टेकवलेला. म्हणजे पादचाऱ्याने दर फाटकापाशी उतरायचं, चार पावलं टाकायची आणि पुन्हा चढायचं. जाऊन-येऊन बावीस चढ. मी हिशेब मांडला : रोजची चढण आठ मीटरांहून थोडी जास्त. या हिशेबाने १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई मी साडेसहा महिन्यांत सर करतो, आणि तेही अर्धा लिटर दुधासाठी.

काम चालू असतानाच मी मुकादमाला विचारलं होतं, "अहो, एवढं उंच कशाला?"

"साहेब, पुढल्या साली डांबर पडणार. रस्ता वर येणार. मग बघा, बरोबर लेव्हलला येतंय का नाही!"

"आणि त्याच्या पुढल्या साली?"

"मग परत फूटपाथ उचलायचा की!"

जुनं डांबर खरवडून काढायचं नाही, त्यावरच नवा थर द्यायचा. त्यामुळे रस्ता वाढतो, रस्त्याच्या धाकाने फूटपाथ वाढतो. वाढत नाही ते फक्त आपलं घर. आमच्या घराला पूर्वी रस्त्यापासून तीन पायऱ्या होत्या, आता एक उरली आहे. आणि पावसाळ्यात ती एक पायरी चढायला पाणीही शिकलं आहे.

वास्तविक याचे नियम आहेत. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली. तीत स्पष्ट लिहिलं आहे, की फूटपाथची उंची दीडशे मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको. चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर हवी. आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार बारास एक, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. मी हे मुकादमाला वाचून दाखवलं. तो अदबीने म्हणाला, "कुठली काँग्रेस म्हणालात, साहेब?"

पण माझं खरं भांडण इंचांशी नाहीच. प्रश्न आहे, फाटकापाशी वाकायचं कोणी? फूटपाथ सहा इंचांचा ठेवला, तर तो सगळ्या फाटकांसमोरून सरळ, सपाट नेता येतो. मोटारीसाठी फक्त कडेच्या दोनेक फुटांत उतार द्यायचा. मोटारीने हळूच वर यावं, फूटपाथ ओलांडावा आणि आत जावं. साठसत्तर घोड्यांची शक्ती असलेल्या यंत्राला सहा इंच जड नाहीत. आज मात्र ते घोडे सपाटीवरून ऐटीत आत जातात आणि गुडघे धरलेल्या म्हातारीने अकरा घाट चढावेत अशी व्यवस्था आहे.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या अकरा घाटांतला पहिला घाट माझा आहे. काम चालू असताना मीच मुकादमाला चहा पाजला होता आणि म्हणालो होतो, "आमच्या गाडीचं पोट घासतं हो, जरा पार खालपर्यंत घ्या." तेव्हा त्याने 'कुठली काँग्रेस' वगैरे काही विचारलं नाही. साहेबांचं काम लगेच झालं.

गेल्या श्रावणात समोरच्या काकू देवळातून येताना माझ्याच फाटकासमोर पडल्या. उजवं मनगट मोडलं. मी धावलो, उठवून बसवलं. तर त्याच मला म्हणतात, "माझंच चुकलं रे, खाली बघून चालायला हवं होतं."

तेवढं त्या म्हणाल्या नसत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून काकू देवळात जात नाहीत. संध्याकाळी गॅलरीत बसतात आणि माझ्या गाडीला सुखरूप आत शिरताना बघतात.

म्हणून मी अर्ज लिहिला आहे : सबंध गल्लीचा फूटपाथ सहा इंचांवर आणा, सरळ ठेवा आणि तोडफोड माझ्या फाटकापासून सुरू करा. सह्यांसाठी अकराही घरं फिरलो. सगळ्यांना काकूंबद्दल फार वाईट वाटलं. मग प्रत्येकाने विचारलं, "पण आमच्या गाडीचं पोट?"

आतापर्यंत चार सह्या झाल्या आहेत. त्यांतली एक माझी आणि एक हिची. तिसरी दूधकेंद्रवाल्याची. चौथी फार वेडीवाकडी आहे, नीट लागत नाही. पण ती काकूंनी डाव्या हाताने केली आहे.