फुकटचं इंग्रजी

गोदीत गोणीवर छापलेलं असतं : यूज नो हुक्स. म्हणजे आकडा मारू नका. आमच्या टोळीतले म्हातारे सांगतात, वाचता येत नव्हतं, आकडे मारले, गोणी फाटल्या, मजुरी कापली गेली. इंग्रजी न येण्याची किंमत असते दोस्तांनो, आणि ती आपण रोख मोजत आलोय. म्हणून ‘इंग्रजीचा मोह सोडा’ सांगणाऱ्या पंडितांना आधी विचारा, तुमची पोरं कुठल्या शाळेत जातात? सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, ते काय यांची परवानगी काढून?

इंग्रजी पाहिजेच. भांडण वेगळं आहे.

आता नवं दान निघालंय. इंग्रजीचे धडे इंटरनेटवर फुकट. बीबीसी १९४३ पासून रेडिओवर इंग्रजी शिकवत आलीय, आता मोबाईलवर शिकवते. ब्रिटिश कौन्सिल मास्तरांना वर्गाचा तयार धडा देते, आराखड्यासकट. आपल्या सरकारनं २०१७ साली स्वतःचं दुकान काढलं आणि त्याला नाव काय दिलं? ‘दीक्षा’! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी घेतली ती दीक्षा आम्हाला ठाऊक. ही दीक्षा पुस्तकातल्या काळ्या चौकोनावर मोबाईल धरला की मिळते. मोबाईल असला तर.

२०२० ला शाळा बंद पडल्या तेव्हा बहीण सहावीत. घरात मोबाईल एक, तो माझ्या खिशात, मी गोदीत. मास्तरांची लिंक सकाळी यायची, मी रात्री. एकदा तिनं इंग्रजीचा धडा पुरा पाहिला : हॉटेलात गेल्यावर काय बोलायचं. ‘आय हॅव अ रिझर्व्हेशन.’ दहा बाय दहाच्या खोलीत, आई झोपलेली, पोरगी कुजबुजत घोकतेय. मग मला विचारते, “दादा, हॉटेलात पण आपलं रिझर्व्हेशन असतं?”

मी हसलो. मग माझंच हसू मला लागलं.

वर्गात मास्तर असता तर त्या एका शब्दावर तास रंगला असता. बाबासाहेब आले असते, घटना आली असती, इंग्रजीही आलं असतं. मोबाईल काय करतो? पुढचं वाक्य म्हणतो. अडलेल्या पोरासाठी तो थांबत नाही. धडा फुकट मिळतो. थांबणारा माणूस फुकट मिळत नाही, त्याला पगार द्यावा लागतो. नेमका तोच वाचवायचाय. लिंक पाठवली, शिक्षण पोचलं, शिक्का मारा! आणि २०१७-१८ च्या सरकारी पाहणीतच देशातल्या शंभरांपैकी चोवीसएक घरांत इंटरनेट होतं. यांना ठाऊक नव्हतं? आज मोबाईल वाढलेत, कबूल. अडलेल्याला उत्तर देणारे वाढले?

१८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनला तोंडावर सांगितलं, पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण वरच्यांचं. आजही वरच्यांच्या पोराला मास्तर, वर ट्यूशन, वर मोबाईल. आपल्या पोराला नुसता मोबाईल, तोही बापाचा.

धडे फेकून द्या असं मी म्हणत नाही. च्यायला, घ्या की! ज्यांच्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे त्यातल्या बऱ्याच धड्यांत बदल करायची मुभा असते. हॉटेल काढा, रेशनचं दुकान घाला. पासपोर्ट काढा, जातीचा दाखला घाला. पण पालिकेच्या शाळेत मास्तरची जागा रिकामी दिसली की मोर्चा न्या, लिंक घेऊन परत येऊ नका.

आम्ही विहारात रविवारी वर्ग धरलाय. फळा आहे, पोरं अठरा आहेत. इंग्रजी धड येणारा एक जण पाहिजे. पगार नाही, चहा मिळेल. लाज वाटते लिहायला, पण या.