आपाच्या हातातला फोन

कोकणात आपल्या कितीतरी घरांत अब्बा आखातात आणि घर अम्मीच्या हाती, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. अम्मीच्या जोडीला असते थोरली मुलगी. बँकेची कामं, दादीची औषधं, धाकट्याचा अभ्यास, सगळं आपाकडे. पाहुणे म्हणतात, "पोरगी किती समजूतदार!"

मग रात्री फोन येतो. अम्मी-अब्बांचं बिनसलेलं असलं की तो आपाच्या हाती. "अब्बांना सांग, छपराचं काम यंदाच करायचंय." तिकडून उत्तर, "अम्मीला सांग, आधी कर्ज फिटू दे." दहावीतली मुलगी नवरा-बायकोचे निरोप पोचवत राहते. पुढे तिचं पोट वरचेवर दुखू लागतं. तपासण्यांत काही निघत नाही आणि डॉक्टर समुपदेशकाकडे पाठवतात.

समुपदेशक सगळ्या घराला बोलावतात तेव्हा अम्मी बिचकते. आजार हिला, मग आम्ही कशाला?

कुटुंबाला असं एकत्र बसवण्याची एक पद्धत अर्जेंटिनात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी अमेरिकेत घडवली. तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९७४ सालचं. गरीब वस्त्यांतल्या घरांशी त्यांचा जवळून संबंध आला होता. म्हणूनच की काय, थोरल्याने भावंडांना सांभाळणं त्यांना चूक वाटलं नाही. मोठ्या कुटुंबात, एकट्या आईच्या घरात ते व्हायचंच. बिघडतं ते त्या कामाची हद्द कोणी सांगितलेली नसते तेव्हा, किंवा मोठी माणसं आपली जागा सोडून देतात तेव्हा. कोण कुठे बसलंय हेही ते पाहत. आई-वडिलांच्या मधे मूल असलं की त्याला बाजूला बसवून त्या दोघांना समोरासमोर बोलायला लावत.

अब्बा व्हिडिओ कॉलवर असले तरी हे जमतं. फोन अम्मीच्या हातात, आपा दुसऱ्या खोलीत. आणि अम्मीने स्पष्ट सांगायचं: संध्याकाळी तासभर धाकट्याचा अभ्यास तुझ्याकडे, त्याला रागावणं माझ्याकडे. हे धाकट्याच्या देखतच सांगितलेलं बरं, नाहीतर तो तिचं ऐकायचा नाही.

एक मात्र ध्यानात असू द्या, भगिनींनो. मुलगी लगेच खूश होईल असं नाही. आजवर मोठ्यांच्या गोष्टींत तिला मान होता, तो गेल्यासारखा वाटून ती रुसेल, दाराशी घुटमळेल. छपराचं काय ठरलं, म्हणून विचारेल. तेव्हा न चिडता एवढंच म्हणा, "आमचं बोलणं चाललंय, बेटा. तू जेवून घे."