नामवंचित लेखक आणि समीक्षेचे मौन

१

मराठी समीक्षेने लेखकाविषयी पुष्कळ विचार केला आहे. लेखनाच्या मोबदल्याविषयी मात्र तिने जवळजवळ मौनच पाळले आहे. लेखकाची जीवनदृष्टी, त्याची बांधिलकी, अनुभवाची अस्सलता, त्याचे देशीपण, संहितेतून त्याचे नाहीसे होणे, या सर्वांवर परिसंवाद झाले, ग्रंथ निघाले. लिहिण्यासाठी लागणाऱ्या वेळेचे दाम कोण देतो, किती देतो आणि त्या बदल्यात काय काढून घेतो, हा प्रश्न चरित्रकाराकडे किंवा प्रकाशकाच्या हिशेबनिसाकडे सोपवून समीक्षा मोकळी झाली. तो प्रश्न 'वाङ्मयबाह्य' आहे, ही त्यामागची धारणा. ही धारणा कधीच निर्दोष नव्हती. इंटरनेटवरून लेखनकाम मिळवून उदरनिर्वाह करणारा एक मोठा वर्ग आज मराठी मुलखात उभा राहिला असताना ती केवळ चुकीची नव्हे, तर सोयीची आणि म्हणूनच संशयास्पद ठरते.

या कामाची रीत समीक्षकांच्या परिचयाची नसण्याचीच शक्यता अधिक. १९९९ साली निघालेली ईलान्स आणि २००३ साली निघालेली ओडेस्क या दोन कंपन्या पुढे एकत्र आल्या आणि २०१५ पासून अपवर्क या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. २०१० साली आलेल्या फायव्हरने तर पाच डॉलरच्या कामावरूनच आपले नाव घेतले. काम देणारा गरज जाहीर करतो, काम मागणारे आपापले दर कळवतात, आणि मध्यस्थ कंपनी मोबदल्यातून आपला वाटा कापते. फायव्हरचा हा वाटा २० टक्के आहे. अपवर्कवर नुसता अर्ज करण्यासाठीही विकत घ्यावयाच्या टोकनांची पद्धत २०१९ पासून रूढ आहे. म्हणजे काम मिळो न मिळो, ते मागण्याचेच पैसे पडतात. मजुरांच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला निदान उभे राहण्याचे भाडे द्यावे लागत नाही.

२

विरार स्थानकाच्या पश्चिमेस, अर्नाळ्याच्या वाटेवर, आगाशी हे जुने गाव आहे. केळीच्या वाड्या, सुकेळी, तळे आणि भवानीशंकराचे देऊळ ही त्याची लौकिकातली ओळख. वाडवळी, सामवेदी आणि कोळी-मांगेल्यांच्या बोलींनी हा सारा परिसर भाषिकदृष्ट्या कमालीचा व्यामिश्र झालेला आहे. या पट्ट्यातल्या ज्याला लेखनावर जगायचे होते, त्याला छापखान्यांच्या काळात पहाटेची लोकल धरून गिरगाव-फोर्ट गाठणे भाग होते. आता ते बंधन उरलेले नाही. आगाशीतल्या घरात बसून एखादी मराठीची पदवीधर स्त्री परगावच्या औषध कंपनीची पत्रके मराठीत आणू शकते, श्राव्य मालिकेचे भाग लिहू शकते, एखाद्या उद्योजकाचे 'आत्मचरित्र' सिद्ध करू शकते. या बदलाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईच्या संपादकीय वर्तुळात ज्यांना प्रवेशच नव्हता, त्यांना, विशेषतः घराबाहेर पडण्यावर मर्यादा असलेल्या स्त्रियांना, इथे लेखणीच्या बळावर चार पैसे मिळतात. परंतु हे पैसे देताना नव्या व्यवस्थेने एक वस्तू कायमची काढून घेतली आहे. ती वस्तू म्हणजे नाव.

नावाचा हा प्रश्न किती मूलगामी आहे, हे पाहण्यासाठी याच भूमीचा लेखनेतिहास पुरेसा आहे. उत्तर कोकणाची 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. गद्यपद्यमिश्रित, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी सिद्ध झालेली ही संहिता. तिच्यातला शके १३७०चा, म्हणजे इ. स. १४४८चा भाग केशवाचार्याचा असून, मालाडचा नायकोराव याच्या पुढाकारातून तो सिद्ध झाल्याचे ती संहिताच सांगते. लिहविणारा आणि लिहिणारा, दोघेही नावानिशी संहितेत उपस्थित आहेत. त्याहून जुना दाखला ज्ञानेश्वरीच्या अखेरीचा. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी टीका केली आणि सच्चिदानंदबाबा तिचा 'लेखक' झाला, अशी तेथे नोंद आहे. येथे 'लेखक' याचा अर्थ लिहून घेणारा, लिपिकार. ज्याने केवळ ऐकून उतरवून घेतले, त्याच्याही हाताची नोंद परंपरेने ठेवली. दुसऱ्यासाठी किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिणे यात नवे असे काही नाही. लिहिणाऱ्याचे नाव पुसणे ही कामाची अट होणे, हे नवे आहे.

तिसरा दाखला आगाशीच्या शेजारचा. अर्नाळा हे गाव मराठी वाचकांच्या ओठांवर आणले ते बाबूराव अर्नाळकर या टोपणनावाने. चंद्रकांत सखाराम चव्हाण या गृहस्थांनी या नावाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय आणि काळापहाड हे नायक दोन-तीन पिढ्यांनी वाचले. १९९६ साली ते निवर्तले. पानांच्या हिशेबाने, मागणीच्या वेगाने, पुष्कळदा परकीय कथानकांच्या आधाराने केलेले हे लेखन होते. वाचकांनी ते उचलून धरले आणि समीक्षेने त्याची दखल बहुतांशी उपहासापुरतीच घेतली. मात्र त्या बाजारात नावाला किंमत होती, आणि ती लेखकाच्या पदरात पडत होती. अर्नाळकरांच्या बाबतीत गाव मागे राहिले आणि गावाचे नाव मुखपृष्ठावर गेले. आजच्या आगाशीकर लेखिकेच्या बाबतीत नेमके उलट घडते. ती गावातच राहते, आणि तिचे नाव कुठेच जात नाही.

'नामशेष' या शब्दाचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ 'ज्याचे नाव तेवढे उरले आहे असा'. या नव्या लेखकवर्गाचे सर्व काही शिल्लक असते: श्रम, शब्द, मजकूर, त्या मजकुराचे लाखो वाचकही. नाव तेवढे नसते. या अवस्थेला नामशेष म्हणता येत नाही. नामवंचित म्हणावे लागते.

३

या अवस्थेपुढे उपलब्ध साहित्यविचार कसा उभा राहतो? 'कंटेंट' या बाजारशब्दाला मराठीत सरळ प्रतिशब्द आहे 'आशय'. आशय आणि अभिव्यक्ती यांचे नाते हा मराठी सौंदर्यविचाराचा मर्ढेकरांपासूनचा मर्मबिंदू. परंतु 'कंटेंट रायटिंग' या पदातला आशय म्हणजे भांड्यात भरावयाचा ऐवज होय. भांडे आधी ठरते, शब्दसंख्या आधी ठरते, कोणते शब्द किती वेळा यावेत हे शोधयंत्राच्या सोयीने ठरते, आणि मग ऐवज मागवला जातो. घाटाने आशयाला ग्रासण्याचा याहून टोकाचा प्रकार क्वचितच आढळेल. आशय-अभिव्यक्तीच्या अद्वैतावर शेकडो पाने खर्चणाऱ्या समीक्षेला या घटनेत तात्त्विक रस वाटू नये, हे आश्चर्यकारक आहे.

रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त मांडला; मिशेल फूको यांनी १९६९ साली लेखक ही व्यक्ती नसून एक कार्य आहे असे प्रतिपादले. मराठीत हे विचार आले ते मुख्यतः अर्थनिर्णयनाचे साधन म्हणून. वाचकाला मुक्त करणे हे त्यांचे प्रयोजन होते. परंतु सिद्धान्त ज्याला मुक्ती म्हणत होता, तेच आज करारनाम्यातले कलम होऊन बसले आहे. लेखकाने मरावे, ही येथे वाचकाची नव्हे, ग्राहकाची मागणी आहे. फूको यांनी नावाचा मालकीशी आणि दंडाशी असलेला संबंध दाखवला होता. मराठी चर्चेने त्यातला मालकीचा धागा सोडून दिला. १९३४ सालच्या व्याख्यानात वॉल्टर बेन्यामिन यांनी कृती आपल्या काळाच्या उत्पादनसंबंधांविषयी काय म्हणते, यापेक्षा ती त्या संबंधांत कोठे उभी आहे हे विचारावयास सांगितले. तो प्रश्न मराठीत अनुवादापुरताच राहिला.

नियतकालिकांची परंपराही या दोषातून सुटत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी साठच्या दशकात लेखकाचा लेखकराव का होतो, असा झोंबणारा प्रश्न केला होता. प्रतिष्ठेच्या आणि बाजाराच्या आहारी जाणाऱ्या लेखकावर तो प्रहार होता, आणि त्या काळी तो आवश्यकही होता. तथापि त्याचा वारसा सांगणाऱ्यांनी पैशासाठी लिहिणे म्हणजे भ्रष्ट होणे, एवढाच सोपा निष्कर्ष उचलला. ज्याला राव होण्याची संधीच नाही, जो शब्दागणिक मजुरी घेतो, त्याला कोणत्या खान्यात बसवावे हे या नीतिविचाराला सांगता येत नाही. 'मानधन' हा शब्द याच ढोंगाचे अपत्य आहे. मान दिला की धन कमी दिले तरी चालते, आणि धन मागितले की मान जातो, अशी त्याची दुहेरी सोय आहे. इंटरनेटवरचा बाजार मान देत नाही. पण आपला दर तो निदान आधी सांगतो. मराठीतली किती वाङ्मयीन नियतकालिके आणि दिवाळी अंक एवढे तरी करतात?

४

यावर येणारा आक्षेप उघड आहे. असला मजकूर साहित्य नव्हे, तेव्हा समीक्षेने त्यात का पडावे? साहित्य कोणते हे ठरवणे समीक्षेचे काम आहे, हे खरे. पण ते ठरवण्यासाठी आधी वाचावे लागते. अर्नाळकरांना न वाचताच बाजूला सारण्याची चूक एकदा झालेली आहे. शिवाय एका व्यक्तीच्या नावाने खपणारे आत्मकथन दुसऱ्याच कुणी लिहिलेले असेल, तर अनुभवाच्या अस्सलतेवर उभी असलेली आत्मचरित्राची सारी मीमांसा डळमळते. हा प्रश्न वाङ्मयबाह्य कसा?

दुसरा आक्षेप असा की हे स्वेच्छेने केलेले करार आहेत. येथे कायदा समीक्षेपेक्षा पुढे आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क सामान्यतः मालकाकडे जातो. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचाही हक्क, वेगळा करार नसल्यास, पैसे देणाऱ्याकडे जातो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या साहित्यकृतीची प्रथम मालकी मात्र लेखकाचीच असते, आणि ती सोडावयाची तर लेखी हस्तांतरण लागते. कलम ५७ तर हक्क विकल्यानंतरही कर्तृत्वावर दावा सांगण्याचा अधिकार लेखकाकडे ठेवते. कंपन्यांच्या ठरावीक मसुद्यांतली एक खूण ही सारी तटबंदी पार करते, कारण ती आहे हेच लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेले नसते. २०२०च्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या अनुसूचीत वाहतूक, खाद्यवितरण अशा सेवांच्या ओळीत 'आशय आणि माध्यम' सेवांचाही समावेश आहे. लेखन हे मंचावरचे श्रम आहे, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांना दिसली. आशयाच्या मीमांसकांना दिसली नाही.

५

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून या मौनाची किंमत वाढली आहे. आता अनेक कामे लिहिण्यासाठी नव्हे, यंत्राने लिहिलेले 'माणसासारखे' करून देण्यासाठी येतात, आणि तपासणीचा दर लेखनाहून कमी असतो. ज्याचे नाव कधी नव्हतेच, त्याच्या जागी यंत्र आले तर कोण गेले हे विचारणारेही कुणी उरत नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप करून यंत्र हे लेखक मानले जाणार नाही, हे करारात लिहून घेतले. त्यांना ते साधले, कारण श्रेयनामावलीत कुणाचे नाव यावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या संघटनेने पूर्वीच मिळवलेला होता. नाव ही अहंकाराची बाब नाही. ते लेखकाच्या हातातले एकमेव हत्यार आहे.

मराठीत या हत्याराला शब्दही आहे. 'शब्दांकन' या एका शब्दाखाली सांगणारा आणि लिहिणारा दोघांनाही मान देण्याची रीत मराठी ग्रंथव्यवहारात रुजलेली आहे. ती नव्या कामांपर्यंत नेण्याची मागणी लेखकांच्या संस्थांनी करावी. नियतकालिकांनी 'मानधन' हा शब्द टाकून 'मोबदला' म्हणावे आणि त्याचा दर अंकात छापावा. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी सर्जनशील लेखनाच्या वर्गांत वृत्तांबरोबर करारनामाही शिकवावा. समीक्षेने हा मजकूर संहिता म्हणून वाचावा आणि तो कुणी, कोणत्या अटींवर लिहिला याला अन्वयार्थाचा भाग मानावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याचे समारंभ यथास्थित झाले. ज्या भाषेच्या आद्य ग्रंथराजाने आपल्या लिपिकाराचे नावही जपले, त्या भाषेत आज दररोज हजारो पाने बिननावाने लिहिली जात आहेत, आणि त्यांपैकी काही आगाशीसारख्या गावांत. अभिजाततेचा अभिमान बाळगणाऱ्या समीक्षेने निदान एवढे तरी विचारावे, की ती पाने कुणी लिहिली.