दोन गोळ्यांचा भरंवसा

हळदीचा हंगाम आला कीं आमच्या कुरुंद्यांत अंगदुखीच्या गोळीस बरकत येते. वसमत तालुक्याचा हा सारा हळदीचा मुलूख. कंद खणणें, शिजविणें, वाळविणें यांत कंबरेची व गुडघ्यांची जी दशा होते ती भोगणारासच ठाऊक.

आमच्या थोरल्या वहिनींचें वय 74. हंगामांत मजुरांचें चहापाणी त्याच पाहतात. गुडघे धरले तेव्हां आम्हींच त्यांना डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून दिल्या. सोबत सकाळीं घ्यावयाची आम्लपित्ताची गोळी होती. ही पोट संभाळते, असें दुकानदारानें सांगितलें आणि आम्ही निश्चिंत झालों. आठ दिवसांची गोळी आठ महिने चालली. वहिनी पांढऱ्याफटक दिसूं लागल्या, जिना चढतांना धापा टाकूं लागल्या. आम्हीं त्याचें खापर त्यांच्या एकादशी-चतुर्थींवर फोडलें; या वयांत इतके उपास कशाला, म्हणून चार शब्द सुनावलेही.

रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन 7 भरलें. दुर्बिणीनें जठर व मोठें आंतडें पाहिलें, तेथें कांहीं नव्हतें. मलांत मात्र डोळ्यांस न दिसणारें रक्त सांपडलें. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ही गोळी आधीं बंद करा. रक्त लहान आंतड्यांतून जात असावें."

"पण पोट संभाळणारी गोळी चालू होती ना?"

"ती जठराची राखण करते, पुढच्या वाटेची नाहीं."

या उत्तराचा आम्हीं पाठपुरावा केला. शरीरांत प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. दुखऱ्या सांध्यांत तीं वेदना व सूज वाढवितात. जठर-आंतड्यांत तींच अस्तराचें रक्षण करतात. ॲस्पिरिनसारखीं औषधें हीं द्रव्यें तयार होऊं देत नाहींत, हें जॉन व्हेन यांनीं 1971 सालीं दाखविलें व 1982 च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. म्हणजे सांध्याचें दुखणें शमवितांना आंतड्याचें चिलखतही उतरतें. जठरांत आम्लाचा मारा असतो, म्हणून आम्ल कमी केलें कीं तेथील जखमा पुष्कळ टळतात. लहान आंतड्यांत प्रकार निराळा. यकृत हें औषध दुसऱ्या एका द्रव्याशीं जोडून, जणूं गांठोडें बांधून, पित्तावाटे आंतड्यांत टाकतें. तेथील कांहीं जंतु तें गांठोडें सोडतात आणि औषध पुन्हां मोकळें होऊन अस्तरास लागतें. जंतुरहित वाढविलेल्या उंदरांस अशा जखमा फारशा होत नाहींत, यावरून जंतूंचा हात स्पष्ट होतो.

2005 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत 40 निरोगी माणसांस दोन आठवडे डायक्लोफेनॅक व त्यासोबत ओमेप्राझोल दिलें आणि गिळावयाच्या कॅमेऱ्यानें आंतडें पाहिलें. 68 टक्क्यांत नवीन इजा दिसली. प्रत्येक इजेंतून रक्त जातेंच असें नव्हे; पण दुसरी गोळी असतांना हें झालें. तरीही ज्यांस जठरव्रणाचा धोका आहे त्यांनीं आमचें वाचून ती सोडूं नये.

जंतूंच्या बाबतींत प्रत्येक पोट वेगळें. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे योगेश शौचे व त्यांचे सहकारी यांनीं 2012 सालीं एकाच छपराखालच्या एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचे जंतु तपासले. त्यांतील दोन मोठ्या वर्गांचें परस्पर प्रमाण वयाबरोबर बदललेलें आढळलें. चूल एक, तरी आजी व नातू यांचें पोट एक नव्हे. मग नातवाची उरलेली गोळी आजीस चालेल, हा आपल्या घरोघरचा हिशेब कशाच्या आधारावर?

ताकाचें काय, असें भगिनीवर्ग विचारील. अन्न ग्रहण करते म्हणून आयुर्वेदानें त्या स्थानास ग्रहणी म्हटलें, आणि ग्रहणीच्या विकारांत ताकाची थोरवी गायिली. आयर्लंडांत ॲस्पिरिन घेणाऱ्या निरोगी माणसांस बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह या जंतूचा एक विशिष्ट वाण दिला असतां लहान आंतड्याची इजा कमी झाली, असें 2019 सालीं प्रसिद्ध झालें. पण तो वाण आपल्या विरजणांत असतो असें नाहीं. ताक अवश्य प्यावें. ताकाच्या जोरावर गोळी चालू ठेवूं नये.

गुडघ्यासाठीं वरून चोळावयाचें मलम, शेक व मांडीचे स्नायु बळकट करणारा व्यायाम आधीं करून पाहावा. गोळी लागलीच, तर डॉक्टरांस विचारून, थोडी व थोडे दिवस. रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना तें आवर्जून सांगावें. काळा मल, धाप, फिकटपणा यांकडे दुर्लक्ष नको. लोहाच्या गोळीनेंही मल काळा होतो, एवढें ध्यानांत असावें. हृदयासाठीं दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनानें बंद करूं नये.

वहिनींची गोळी सुटली, लोह सुरू झालें. तीन महिन्यांनीं हिमोग्लोबिन 11 वर आलें. यंदा त्या ओसरीवर खुर्ची टाकून हळदीवर देखरेख करतात व बसल्या बसल्या पाय उचलण्याचा व्यायामही करतात. आमचे ते चार शब्द मात्र त्या विसरल्या नाहींत. परवां एकादशीस साबुदाण्याच्या खिचडीची ताटली हातांत घेऊन त्यांनीं सर्वांदेखत विचारलें, "भावजी, करूं ना उपास?"