बट्टा कुणाच्या नावाला?

ट्युटॉनिक ऑर्डरच्या नाण्यांची संग्राहकांमध्ये एक ठरलेली उतरंड आहे. ग्रँडमास्टर विनरिख फॉन क्निप्रोडेच्या (१३५१–१३८२) नावाचे, हातोड्याने ठोकलेले चांदीचे शिलिंग वरच्या पायरीवर. १४१० नंतरच्या काही वर्षांतले तांबूस, कस उतरलेले शिलिंग खालच्या पायरीवर. पहिले 'वैभवाचे', दुसरे 'ऱ्हासाचे'. मला ही उतरंड मान्य नाही. ती नाण्यांकडे धन्यांच्या नजरेने बघते.

आणि 'धनी' हा शब्द माझा नाही. दोन्ही शिलिंगांवर एकीकडे ग्रँडमास्टरचं नाव असतं आणि दुसरीकडे लॅटिनमध्ये 'प्रशियाच्या धन्यांचं नाणं'. दारिद्र्याची शपथ घेतलेल्या योद्धा-संन्याशांचं हे नाणं!

ऑर्डरने नाण्यातून पैसा काढला तो काही फक्त पडत्या काळात नाही. १२३३च्या कुल्मच्या सनदेनुसार दर दहा वर्षांनी नाणी बदलायची होती आणि १४ जुन्यांना १२ नवी मिळायची. म्हणजे सातवा हिस्सा गेला. पण तो बट्टा सनदेत लिहिलेला होता. कधी आणि किती जाणार, हे लोकांना ठाऊक होतं.

१४१०मध्ये टॅनेनबर्गला ऑर्डर हरली. पुढच्या वर्षी थॉर्नच्या तहात एक लाख कोपा, म्हणजे साठ लाख प्राग ग्रोशेन देणं कबूल करावं लागलं. मग शिलिंगमधली चांदी कमी झाली. ढाल तीच, क्रूस तोच, साठ शिलिंगांचा एक मार्क हा हिशेबही तोच.

'हरलेल्याने दुसरं काय करायचं?' असं यावर विचारलं जातं. कर लावायचा, ऑर्डरने तोही लावला. पण करासाठी शहरांशी बोलावं लागतं, नाणं हिणकस करायला कुणाला विचारावं लागत नाही. मजुरी नाण्यांत घेणारा आणि गाठीला चार नाणी बांधणारा यात नागवला गेला. जुन्या कर्जदाराचं थोडं फावलं, हे खरं. पण ठरीव खंड वसूल करणाऱ्या ऑर्डरच्याच पदरात पुढे तीच हिणकस नाणी पडणार होती.

१४४०मध्ये प्रशियातली शहरं आणि सरदार संघ करून एकत्र आले, १४५४मध्ये त्यांनी ऑर्डर झुगारली. एकट्या नाण्याने हे घडलं नाही. पण विश्वास उडण्याच्या हिशेबात ते धरावंच लागतं.

प्रशियातला शेवटचा ग्रँडमास्टर आल्ब्रेख्त यानेही १५१९–२१च्या युद्धात तीच युक्ती केली. त्या युद्धात ऑर्डरविरुद्ध उभा असलेला कोपर्निकस १५२६च्या आपल्या नाणेविषयक निबंधात राज्यं बुडवणाऱ्या चार गोष्टी सांगतो: कलह, मरी, नापिकी आणि नाण्याची घसरण. चौथी सहज दिसत नाही, कारण ती हळूहळू पोखरते.

म्हणून संग्राहकांना माझं सांगणं आहे, तो तांबूस शिलिंग ट्रेच्या कोपऱ्यात ढकलू नका. विनरिखचा शिलिंग ऑर्डरला स्वतःबद्दल काय सांगायचं होतं ते सांगतो. ऑर्डरने प्रजेशी काय केलं, त्याचा पुरावा या दुसऱ्यात आहे.