आरशाची पाठ

थर्टी मीटर टेलिस्कोप या नियोजित दुर्बिणीच्या मुख्य आरशाला ४९२ षट्कोनी तुकडे लागतात. एका कोनापासून समोरच्या कोनापर्यंत १.४४ मीटर, जाडी अवघी ४५ मिलिमीटर. परिसंवादांत चर्चा रंगते ती या काचेची. विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉईसकडे काम आले ते मात्र काचेच्या पाठीचे: तुकडा पेलणारी आधाररचना आणि त्याला नॅनोमीटरच्या हिशेबाने हलवणारे ॲक्च्युएटर यांचे नमुने घडवण्याचे.

ही पाठ दुय्यम मानली की आराखडा तिथेच फसतो. तुकड्याचे वजन तरफांच्या जाळ्यातून २७ बिंदूंवर वाटले जाते, आडवा भार मधोमध बसवलेला पातळ डायफ्रॅम घेतो आणि खाली तीन ॲक्च्युएटर असतात. पूर्ण आरशात असे १,४७६ ॲक्च्युएटर आणि शेजारच्या कडांमधला फरक टिपणारे २,७७२ सेन्सर. एखादा नमुना जीव ओतून उत्तम जमवता येतो. ४९२वा संचही तसाच उतरायला हवा, ही खरी अट आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या ज्या विक्रोळीत बनल्या, तिथेच पुढे इस्रोसाठी विकास इंजिने घडली. संख्या आणि अचूकता, दोन्हींचा सराव असलेले असे कारखाने देशात फार नाहीत.

पाठीला दुय्यम मानू नये, हा धडा हवाईतल्या केक दुर्बिणीने आधीच दिला होता. तिचे रचनाकार जेरी नेल्सन यांच्या पद्धतीने काच ताणाखाली वाकवून घासली गेली, पण गोल काच षट्कोनात कापताच तिचा आकार किंचित बदलला. तो सावरायला मागून वॉर्पिंग हार्नेस, म्हणजे काचेला हवा तसा ताण देणारी जोडणी, लावावी लागली.

दक्षिण आफ्रिकेतली साल्ट दुर्बीण तर आपल्या जवळची. पुण्याची आयुका ही खगोलसंस्था तिच्यात भागीदार आहे. तिचा आरसा गोलीय, म्हणून ९१ तुकडे एकसारखे आणि घडवायला सोपे. अडले ते कडांच्या सेन्सरपाशी. कपॅसिटिव्ह सेन्सर हवेतल्या दमटपणाने बिघडत, आरसा पुन्हापुन्हा जुळवावा लागे. पुढे इंडक्टिव्ह सेन्सर बसवले, पण मधली वर्षे गेलीच.

थर्टी मीटरमधल्या भारताच्या सहभागाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ मध्ये मंजुरी दिली. हवाईतल्या मौना की पर्वतावरचे बांधकाम स्थानिक विरोधामुळे अडले. जुलै २०२५ मध्ये दुर्बीण आपल्या ला पाल्मा बेटावर उभारावी म्हणून स्पेनने ४० कोटी युरो देऊ केले, तरी वेळापत्रक धूसरच आहे. या काळात अनुभवी हात दुसऱ्या कामांना लागतात आणि नकाशात न उतरलेले ज्ञान त्यांच्याबरोबर निघून जाते.

म्हणून लडाखमधल्या हानले येथे नियोजित १३.७ मीटर दुर्बिणीकडे आताच पाहायला हवे. तिच्या आरशासाठी थर्टी मीटरच्याच मापाचे ९० तुकडे योजले आहेत, म्हणजे आधाररचनेचा अनुभव जवळपास जसाच्या तसा वापरता येईल. नकाशे गोठवण्यापूर्वी जुळणी करणाऱ्या तंत्रज्ञांना आराखडा समितीत बसवावे. कोणती टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी चूक, खरोखर हवी आणि कोणती केवळ भीतीपोटी लिहिली आहे, हे त्यांच्यासमोर ठरावे, आणि पहिला आढावा सभागृहाऐवजी यंत्रशाळेत, सुट्या भागांशेजारी उभे राहून घ्यावा.